तपासणीच्या दिवशी मावशींना सुट्टी

आमच्या कारखान्याच्या ऑफिसात एका भिंतीवर सात फ्रेमा होत्या. मी नोकरीला लागले तेव्हा एकच होती, सरकारी परवान्याची, तीही गणपतीच्या फोटोमागे अर्धी झाकलेली. मी नोकरी सोडली तेव्हा सात झाल्या होत्या आणि गणपती दारावर गेला होता. सातांतल्या सहा माझ्या हातच्या. पाहुणा आला की शेठ त्याला आधी त्या भिंतीपुढे उभं करायचे, चहा नंतर. मी बाजूला फाइल छातीशी धरून हसत उभी असायचे. त्या हसण्याची आज मला किळस येते.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. मी मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी झाले होते, इंदिरानगरात आईवडिलांजवळ राहत होते, लग्नाचं बघणं चालू होतं आणि तोवर पोरगी घरी रिकामी बसू नये म्हणून ही नोकरी. कारखाना दिंडोरी रस्त्याला. पांढरा कांदा यायचा, तो सोलायचा, चकत्या करायच्या, गरम हवेवर सुकवायच्या आणि पोत्यांत भरून परदेशी पाठवायच्या. तिकडे तो सूपच्या पाकिटांत जायचा म्हणे. माझ्या केसांना, ओढणीला, डब्यातल्या पोळीलासुद्धा कांद्याचा वास. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईने नाक मुरडून विचारलं होतं, "आत स्वयंपाक चालू आहे का?"

सुकलेला कांदा शेवटी निवडणीच्या टेबलावर यायचा. मधून पांढरा पट्टा सरकत असायचा, दोन्ही बाजूंना बायका उभ्या. करपलेला तुकडा, साल, मुळाचा केस, काडी, जे जे नको ते त्यांनी उचलायचं. त्या टेबलाच्या टोकाला मावशी उभ्या असायच्या. वय पन्नाशीच्या आसपास, मखमलाबादकडच्या माळ्याच्या घरातल्या. घरचा मळा वाटण्या होऊन अर्ध्या एकरावर आलेला. त्यात झेंडू आणि शेवंती. त्यांचे मालक पहाटे सायकलवर पाट्या बांधून फुलबाजारात जायचे आणि मावशी कारखान्यात यायच्या.

सगळे त्यांना मावशीच म्हणायचे, शेठसुद्धा. त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. बाकीच्या बायकांच्या हातून निसटलेलं सगळं त्या टोकावर टिपायच्या, आणि तेही शेजारणीशी सुनेच्या कागाळ्या करत करत. मला पहिल्या महिन्यात त्यांनीच शिकवलं. एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "ताई, ह्यो दिसायला गोरा हाय. वास घ्या. आतून करपलाय, उद्या पिवळा पडंल." मी वास घेतला. खरंच होतं. कॉलेजात तीन वर्षं शिकून मला हे माहीत नव्हतं, आणि मी त्यांची साहेबीण होते.

मावशींच्या दोन्ही हातांत सहा-सहा हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. कासारणीने घट्ट भरलेल्या. पट्ट्यावर हात झपझप चालायचे तेव्हा त्यांचा आवाज यायचा. मला तो आवडायचा, हे मी खोटं सांगत नाही.

मग दाखले सुरू झाले.

आता मी नव्या मुलामुलींना शिकवते तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम, कांदा एक, कारखाना एक, मग दाखले इतके कशाला? मी सांगते, कारण एका कागदाला सगळं दिसत नाही. सरकारी परवाना सांगतो की हा माणूस धंदा करू शकतो. तो हे सांगत नाही की आजचा कांदा कालच्यासारखाच निघेल. त्यासाठी दुसरा दाखला, कामाच्या पद्धतीचा. पद्धत चोख असली तरी टाकीत जंतू असू शकतात, म्हणून तिसरा, धोके शोधणारा. आखातातल्या गिऱ्हाइकाला हलालचा हवा, अमेरिकेतल्या एकाला ज्यू धर्मगुरूंचा. युरोपातल्या दुकानांची साखळी या कुणावरच विश्वास ठेवत नाही, तिचा स्वतःचा. आणि शेवटी तिथल्या गिऱ्हाइकाला रात्री शांत झोप लागावी म्हणून कामगारांना नीट वागवतात की नाही याचा. प्रत्येकाची मागणी आपापल्या जागी रास्त असते. मी हे मनापासून सांगते, कारण मला ते पटलेलं आहे.

पण वर्गात एक गोष्ट सांगत नाही. ती इथे सांगते आहे.

प्रत्येक दाखल्याचा माणूस वेगळा यायचा, वेगळ्या दिवशी, आणि आधीच्याने पाहिलेलं पुन्हा पाहायचा. उंदरांच्या सापळ्यांचा एकच नकाशा मी पाच वेगवेगळ्या मथळ्यांखाली टाइप करून घेतला होता. उंदीर तेच, बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता. एक जण नळ हुंगायचा, दुसरा बल्बवर जाळी आहे का बघायचा, तिसरा संडासाची दारं मोजायचा. आणि एकजात सगळे निवडणीच्या टेबलाशी येऊन बायकांचे हात बघायचे.

हाताचा नियम साधा होता. टेबलावरच्या बाईच्या अंगावर काच नको, मणी नको, अंगठी नको. त्यात चूक काहीच नव्हतं. टेबलाच्या पुढे लोहचुंबक होतं, ते लोखंडाचा कण धरायचं. पुढे मशीन होतं, ते बाकीचे धातू धरायचं. काच धरणारं आमच्याकडे काहीही नव्हतं. बांगडीचा टवका पोत्यात गेला तर तो थेट कुणाच्या तरी घशात. हे एवढं सोपं होतं. तरी मी ते बायकांना असं कधी सांगितलंच नाही. मी फलक लावला, आधी इंग्रजीत, मग शेठ ओरडल्यावर मराठीत: हातातील सर्व दागिने काढून ठेवावेत. आदेश दिला की काम झालं, असं वाटण्याचं ते वय होतं आणि तेवढा माझा मेंदू.

तरुण पोरींनी बांगड्या काढल्या. त्यांना हौसच होती. म्हाताऱ्या दोघी-तिघी कुरकुरल्या, मग त्याही तयार झाल्या. मावशी राहिल्या. त्याच वर्षी त्यांच्या मालकांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. मळा दुसऱ्याला कसायला दिलेला. घर मावशींच्या रोजावर चालत होतं.

त्या माझ्या टेबलाशी आल्या, ऑफिसात पहिल्यांदाच, चपला बाहेर काढून. म्हणाल्या, "ताई, मालक आंथरुणाला हाय. आन् मी भुंड्या हातानं हिंडू? तुमीच सांगा."

मी म्हणाले, "मावशी, नियम आहे."

"नियम आसंल. मी नाय म्हनत नाय. मला कच्च्या मालावर टाका. तिकडं कांदं उतरवून घ्यायचं, सडका निवडायचा. तिकडं काच आली काय न् गेली काय, पुढं धुवूनच जातो ना माल?"

बरोबर होतं. कच्च्या मालाच्या शेडला तो नियम लागूच नव्हता. रोजही तेवढाच. एका ओळीच्या चिठ्ठीवर ते झालं असतं आणि ती चिठ्ठी माझ्याच सहीची असती. पण मावशी टेबलावरून गेल्या की करपलेला तुकडा पोत्यात जाणार, गिऱ्हाईक माल परत पाठवणार आणि शेठ माझ्या नावाने खडे फोडणार. मी म्हणाले, "बघते." तेव्हाच ठरलं होतं की बघायचं नाही.

त्याऐवजी मी एक शहाणपणा केला. ऑडिटची तारीख आधी कळायची. त्या दिवशी मावशींना सुट्टी द्यायची, म्हणजे घरी बसायला सांगायचं, आणि त्यांच्या जागी मोकळ्या हातांची एखादी पोरगी उभी करायची. ऑडिटवाल्याला दाखवायला माल आदल्या दिवशी मावशींनीच निवडून ठेवलेला असायचा. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा शेठ खूश झाले. "डोकं आहे पोरीला," म्हणाले. मी फुगले.

वर्षातून एक दिवस होता तोवर मावशीही काही बोलल्या नाहीत. पण फ्रेमा वाढल्या तशा त्या सुट्ट्या वाढल्या. प्रत्येक दाखल्याची मुख्य तपासणी, मग मधली तपासणी, मग नूतनीकरण, त्यात गिऱ्हाइकांची माणसं वेगळीच. कधी दोन दिवस, कधी तीन. प्रत्येक दिवसाचा रोज बुडायचा. भिंतीवर खिळा ठोकला की तिकडे मखमलाबादला एका घरात औषध उद्यावर जायचं. मला हे माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही, कारण मावशी मला सांगायच्या. "ताई, ह्या महिन्यात तिसऱ्यांदा हाय." मी म्हणायचे, "हो मावशी, काय करणार."

सहाव्या दाखल्याची तपासणी कामगारांच्या हक्कांची होती. मुंबईहून एक बाई आल्या होत्या, खादीच्या झब्ब्यात, मराठी बोलणाऱ्या. बायकांना त्या एकेकटीला खोलीत बोलवायच्या, दार लावून घ्यायच्या आणि विचारायच्या, पगार वेळेवर मिळतो का, कुणी जबरदस्तीने घरी बसवतं का, काही तक्रार आहे का. कारखान्यात एकच बाई होती जिच्याकडे तक्रार होती. तिला मी त्या दिवशी सुट्टी दिली होती. सवयीने. बांगड्यांसाठी. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा त्या बाई जेवायला बसल्या होत्या आणि मला म्हणत होत्या की इथलं वातावरण फार मोकळं वाटतं. मी त्यांना अजून एक पोळी वाढली.

दाखला आला. त्याच्या फ्रेमला सोनेरी कडा होती.

नवं शतक लागलं होतं तेव्हाची गोष्ट. युरोपातल्या त्या दुकानसाखळीने करपलेल्या तुकड्यांची तक्रार केली होती, दाखला अडकला होता आणि त्यांचा माणूस केव्हातरी येणार होता. केव्हा, ते कळवलं नव्हतं. एक दिवस सकाळी दहाला त्यांच्या इथल्या दलालाचा फोन आला, "आम्ही घाट चढून इगतपुरीला चहा घेतोय. तासा-दीड तासात पोचतो. साहेबांना निवडणी बघायची आहे. फक्त निवडणी."

शेठ धावत टेबलाशी आले. मावशी उभ्या होत्या. मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "मावशी, तुम्ही आज..."

"कुठं पाठवतेस?" शेठ माझ्यावर खेकसले. "तो करपलेला तुकडाच बघायला येतोय. मावशी इथे पाहिजेत. बांगड्या काढ त्यांच्या."

मी मावशींना हात धुवायच्या खोलीत घेऊन गेले. एवढीशी खोली, पांढऱ्या फरशा, स्टीलचं बेसिन, भिंतीवर हात कसे धुवायचे त्याची चित्रं. मी म्हणाले, "मावशी, आजच्या दिवस. संध्याकाळी मी स्वतः तुम्हाला कासारणीकडे नेते, नव्या भरते." मी त्यांचा हात धरला, साबण लावला आणि ओढायला लागले. पाण्यात आणि कांद्यात राबून त्यांची बोटं सुजलेली, पेरं जाड झालेली. पहिली बांगडी कशीबशी निघाली. दुसरी अडकली. मी घड्याळाकडे पाहिलं.

हात पुसायचा टॉवेल मी त्यांच्या मनगटाभोवती गुंडाळला आणि हात बेसिनच्या कडेवर दाबला.

"पोरी, नको गं," मावशी म्हणाल्या. सात वर्षांत मला त्यांनी ताईच म्हटलं होतं, कधीमधी म्याडम.

मी दाबलं. आमच्याकडे बांगडी फुटली असं बायका तोंडाने म्हणतसुद्धा नाहीत, वाढली म्हणतात. मी अकरा फोडल्या, मोजून. एका सवाष्ण बाईच्या बांगड्या कोण फोडतं आणि कुठल्या दिवशी, हे मला माहीत होतं. माझ्या काकूच्या वेळी मी पाहिलं होतं, तेव्हाही बायकांनी तिचा हात असाच धरला होता. मावशी रडल्या नाहीत. समोरच्या चित्राकडे बघत राहिल्या, साबण कुठे कुठे लावायचा त्या चित्राकडे.

डाव्या मनगटावर कापलं होतं. मी नियमातली निळी पट्टी चिकटवली, वर दोन्ही हातांत हातमोजे चढवले. मग मावशी टॉवेलकडे बघून म्हणाल्या, "त्ये तुकडे द्या." मी दिले नाहीत. नियमाप्रमाणे स्वच्छ भागात काच फुटली की पट्टा थांबवायचा, जागा झाडून घ्यायची, तुकडे जुळवून बघायचे, नोंद करायची आणि तेवढा माल बाजूला काढायचा. हा नियम मीच लिहिला होता. काच नको या दाखल्यासाठी मी काच आत फोडली, टॉवेल तसाच गुंडाळून कचऱ्यात टाकला आणि नोंदवहीत काहीही लिहिलं नाही. त्या दिवशीच्या पोत्यांत काही गेलं की नाही हे मला आजही माहीत नाही.

साहेब आला. उंच, हसतमुख, वाईट माणूस नव्हता. तो तासभर मावशींच्या शेजारी उभा राहिला. मावशींचे हात चालत होते, आवाज नव्हता. त्यांनी उचललेला एक तुकडा त्याने हातात घेतला, फिरवून पाहिला, त्याला काही दिसेना. मावशींनी खुणेने सांगितलं, वास घ्या. त्याने घेतला आणि मोठ्याने हसला. मग त्या हातांचा त्याने फोटो काढला. अहवालात त्याने निवडणी उत्तम आणि वैयक्तिक स्वच्छता आदर्श असं लिहिलं. सातवी फ्रेम त्यावर आली.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मावशींनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन त्या मागच्या दाराने निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. राहिलेला पगार न्यायलाही नाहीत. कारखान्यापासून त्यांचं घर पाऊण तासाच्या आत होतं, आणि मी गेले नाही. आधी म्हणायचे की काम आहे, मग म्हणायचे की आता फार दिवस झाले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता कुठल्याच तपासणीत लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

वर्षभरात मी ती नोकरी सोडली. शेठशी भांडून वगैरे नाही, दुसरीकडे पगार जास्त मिळाला म्हणून. लग्न झालं. माझ्याही हातात चुडा भरला गेला आणि कामावर जाताना मी तो काढून ठेवायला लागले. माझ्यासाठी त्यात काही विशेष नव्हतं. कुणी माझा हात धरला नव्हता.

चार-पाच वर्षांनी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सराफ बाजाराजवळच्या फुलबाजारात गेले होते. गर्दी, चिखल, झेंडूचे ढीग. एका गोणपाटावर मावशी बसलेल्या दिसल्या. केस पांढरे झाले होते. शेजारी त्यांचे मालक, भिंतीला टेकून, उजवा हात मांडीवर पडलेला. ते जिवंत होते. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलेच. इतकी वर्षं माझ्या मनात एक भीती होती आणि ती खोटी निघाली होती. मावशी झेंडू तोलत होत्या. दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले, आधीपेक्षा जास्त.

मी पुढे वाकून म्हणाले, "मावशी, ओळखलंत का?"

त्यांनी वर पाहिलं. तराजू खाली ठेवला. दोन्ही हात कोपरापर्यंत पदराखाली घेतले आणि पदर गच्च धरून बसल्या.

मी अर्धा किलो झेंडू मागितला. मालकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यांना मी कोण ते ठाऊक नसावं. मग त्यांनीच डाव्या हाताने मूठ-मूठ करत, अर्धी फुलं खाली सांडत, पिशवी भरली. खूप वेळ लागला. मावशी शेजारीच होत्या. त्यांनी मदतीला हात बाहेर काढला नाही.